रविवारी येणारा तो पाचशेचा स्टॅम्प पेपर

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय चाळिशीच्या अलीकडे. घरून बावीस डबे देतात, बरेचसे कॉलेजच्या मुलांचे, काही एमआयडीसीतल्या कामगारांचे. सहा आठवड्यांपूर्वी संध्याकाळी रिकामे डबे गोळा करून स्कूटरवरून परतताना आडव्या रस्त्यावरून भरधाव आलेली मोटरसायकल त्यांच्यावर आदळली. नडगीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून रॉड घातला. दवाखान्याचं बिल १ लाख ३८ हजार झालं, त्यातले ९० हजार सोनं गहाण ठेवून उभे केले. मोटरसायकल चालवणारा मुलगा १९ वर्षांचा, ओळखीच्या घरातला, पोलीस भरतीची तयारी करणारा. गाडीचा विमा दोन वर्षांपूर्वीच संपलेला. गाडी मुलाच्या चुलत्याच्या नावावर आहे. मुलाच्या वडिलांनी दवाखान्यात २० हजार रोख दिले, आणखी ३० हजार ऊसबिल आल्यावर देतो म्हणाले. पोलिसात तक्रार केलेली नाही. केसपेपरवर ‘गाडी घसरून पडल्या’ असं लिहिलेलं आहे. ओळखीचे एक हवालदार म्हणाले, ‘विमाच नाही, कोर्टात काही मिळायचं नाही, मिटवून टाका.’ येत्या रविवारी मुलाकडचे लोक स्टॅम्प पेपर घेऊन येणार आहेत, ‘माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही’ असा. नवरा म्हणतो केस कर, सासूबाई म्हणतात नशिबात होतं ते झालं, पोराचं वाटोळं करू नको. ‘मी हेल्मेटही घातलं नव्हतं. सही करून टाकू का?’ असं त्या विचारतात.

उत्तर :

ताई, आधी सहीचं. रविवारी सही करू नका. त्या दिवशी चहा द्या, पाय दाखवा, बोला, पण सही नको. यात कुणाशी वैर नाही. तुमचा उपचार अजून संपलेला नाही, आणि जे संपलं नाही त्याचा हिशेब पूर्ण झाला असं लिहून देणं खोटं ठरेल. रॉड काढायचं ऑपरेशन पुढे लागणार आहे का, पाय पूर्ण वाकणार आहे का, पहिल्यासारखं चार-पाच तास गॅससमोर उभं राहता येणार आहे का, हे आज तुमच्या डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येणार नाही. माझ्या एका मावसभावानं असाच कागद महिनाभरात सही करून दिला होता. पुढे हाडात पू झाला आणि दुसरं ऑपरेशन करावं लागलं. तेव्हा समोरच्यांनी तोच कागद पुढे केला. त्या कागदाचा कायद्यात जोर किती, यावर वाद घालता येतो, पण तो वाद घालायला वकील लावावा लागतो, आणि तेव्हा घरात पैसे नसतात.

आता त्या हवालदारांच्या वाक्याकडे येते, कारण तुमचं सगळं पत्र त्या एका वाक्यावर उभं आहे. ‘विमा नाही, म्हणून काही मिळायचं नाही.’ हे मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की आता राग येत नाही, नुसता कंटाळा येतो. विमा कंपनी पैसे देते ती कुणाच्या वतीनं? गाडीमालकाच्या. देणं मूळचं मालकाचंच असतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं प्रत्येक गाडीला निदान थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला तो याचसाठी, की मालकाच्या खिशात पैसे असोत-नसोत, जखमी माणसाचं अडू नये. विमा नसेल तर देणं पुसलं जात नाही, ते उलटं मालकाच्या अंगावर येतं. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणं, किंवा दुसऱ्याला आणू देणं, हा स्वतंत्र गुन्हाही आहे. पहिल्यांदा सापडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २ हजार दंड, किंवा दोन्ही.

तुम्ही ओझरतं लिहिलेल्या एका वाक्यावर मी दोनदा रेघ मारली. ‘गाडी त्याच्या चुलत्याच्या नावावर आहे.’ ताई, तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तुम्ही सगळा विचार त्या मुलाचा आणि त्याच्या बापाचा करताय. ऊसबिलावर जगणारं घर, भरतीसाठी पहाटे पळणारं पोर. त्यांच्याकडून लाख-दोन लाख मागताना तुमची जीभ अडखळते, हे मी समजू शकते. पण कायद्याच्या नजरेत पहिला देणेकरी आरसी बुकावर ज्याचं नाव आहे तो. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट सांगितलंय की गाडी प्रत्यक्षात कुणाकडे आहे, कुणाला विकली, हे बघायचं नाही, नोंदीत ज्याचं नाव तोच नुकसानभरपाईसाठी मालक. (जुनी गाडी विकताना ‘टीटीओ फॉर्मवर’, म्हणजे मालकी बदलायच्या फॉर्मवर, ‘सही करून दिली’ म्हणून निर्धास्त झालेल्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. गाडी दुसऱ्याच्या नावावर चढेपर्यंत तिची देणी तुमचीच.) तुम्हीच लिहिलंय की चुलत्याचं खताचं दुकान आहे. आणि केसपेपरवर ‘घसरून पडल्या’ असं लिहायला सांगणारे तेच होते. त्यांनी ते का सांगितलं असेल, याचा एकदा विचार करा. पुतण्याच्या भरतीपेक्षा स्वतःच्या नावावरच्या विनाविमा गाडीची काळजी त्यांना जास्त असावी, असा माझा संशय आहे. चुकतही असेन.

दयेचा मुद्दा मी बाजूला सारणार नाही. तो मुलगा दवाखान्यात दारापाशी उभा राहून रडला, पाया पडला, ‘माझ्या भाच्याएवढा आहे’ असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या सासूबाईंना वाटतं केस केली की पोर तुरुंगात. तर नेमकं काय होतं ते बघू. हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापत. निष्काळजीपणानं गंभीर दुखापत केल्याचं कलम भारतीय न्याय संहितेत १२५ (ब) आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे पोराला कोठडीत डांबलं आणि आई बाहेर रडतेय, असं काही घडायचं कारण नाही. दुखापतीच्या कलमात जखमी माणसाच्या संमतीनं कोर्टात तडजोडही होऊ शकते. जोडीला बेदरकार गाडी चालवल्याचं कलम लागलं तर ते मात्र इतकं सहज मिटत नाही.

पण भरतीबद्दल त्याच्या वडिलांची भीती खोटी नाही, आणि ती खोटी आहे असं सांगून मी तुम्हाला धीर देणार नाही. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर गुन्हा दाखल आहे का, हे विचारतात. दाखल असेल तर त्या पोराला ते लिहावं लागेल आणि निवड झाली तरी वरचे अधिकारी त्यावर विचार करतील. अशा बाबतीत २०१६ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की गुन्ह्याचं स्वरूप बघून निर्णय घ्यावा, किरकोळ प्रकरणात सवलत देता येते, पण माहिती लपवली असेल तर तेच अंगाशी येऊ शकतं. म्हणजे दार बंदच होईल असं नाही, पण अडचण होईल. अपघाताची केस आणि चोरी-मारामारीची केस यांत फरक केला जातो. एवढंच खात्रीनं म्हणता येतं.

मग निवड कशात आहे? पत्र वाचताना वाटतं की तुमच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या गेल्यात. एक, सही करून पोराला वाचवायचं. दोन, केस करून त्याला बुडवायचं. ही मांडणी तुमची नाहीच. ती मुलाकडच्यांनी केली, हवालदारांनी तिला पाठिंबा दिला, सासूबाईंनी आशीर्वाद दिला. यात तुमचा मोडलेला पाय कुठे आहे? गहाण पडलेलं सोनं कुठे आहे? तुमची अकरा वर्षांची लेक शाळेच्या आधी उठून चाळीस पोळ्या लाटते, असं तुम्ही लिहिलंय. ती कुठे आहे? दया दाखवायची असेल तर जरूर दाखवा. पण ती आपल्या हक्कातून थोडं सोडून दाखवतात, आणि सोडण्याआधी हक्क किती आहे हे माहीत असावं लागतं. तुम्हाला तर अजून आकडाच माहीत नाही.

तो काढूया. दवाखाना १ लाख ३८ हजार. डब्यांतून खर्च वजा जाता महिन्याला साधारण २२ हजार सुटतात, असं तुम्ही म्हणता. डॉक्टरांनी तीन महिने जोर देऊ नका सांगितलंय, म्हणजे ६६ हजार. इथेच २ लाख ४ हजार झाले. यात औषधं नाहीत, फिजिओथेरपी नाही, ड्रेसिंगला जाण्या-येण्याची रिक्षा नाही, सोन्यावरचं व्याज नाही, पुढचं ऑपरेशन नाही, आणि वेदनेची तर काहीच किंमत धरलेली नाही. तुमच्यापुढे ठेवलेत ५० हजार, त्यातले ३० कारखान्यानं बिल काढल्यावर. आणि ऐका, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली, चूक कुणाची हे सिद्ध न करताच, गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख अशी रक्कम ठरवलेली आहे. ती द्यायची विमा कंपनीनं, किंवा गाडीमालकानं. म्हणजे तुमची चूक होती की त्याची, या वादात न पडताही कायदा अडीच लाख म्हणतो. त्याहून जास्त नुकसान झालं असेल तर कलम १६६ खाली चूक दाखवून पूर्ण भरपाई मागता येते. या दोन्हींपैकी कोणता रस्ता धरायचा हे वकिलासोबत ठरवा, दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत.

हेल्मेटचं ओझंही उतरवून ठेवा. हेल्मेट घालायला हवं होतं, पुढे घाला, तो विषय वेगळा. पण हेल्मेट नव्हतं म्हणून नडगी मोडली नाही. मोटरसायकलवर तिघं बसल्याच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये हेच म्हटलंय की नियम मोडला एवढ्यावर जखमी माणसाचा दोष ठरत नाही, त्या मोडण्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं.

तक्रारीला सहा आठवडे उशीर झालाय, हे खरं. आता काय उपयोग, असं तुमच्या मनात येत असणार. उशिरा एफआयआर झाला एवढ्या कारणावरून अपघाताचा दावा फेटाळू नये, असं सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये सांगितलेलं आहे. घरचे आधी जखमीला वाचवणार की पोलीस ठाणं गाठणार, असा साधा विचार त्यामागे आहे. उशिरापेक्षा मला काळजी वाटते ती केसपेपरवरच्या त्या ‘घसरून पडल्या’ची. समोरचा वकील सगळ्यात आधी तोच कागद काढेल. म्हणून दवाखान्यातून सगळ्या कागदांच्या प्रती मागून घ्या. पहिल्या तपासणीचा केसपेपर, पोलिसांना कळवल्याची एमएलसी नोंद असेल तर ती, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, बिलं. ती नोंद कुणाच्या सांगण्यावरून झाली हे कागदावर लिहिलेलं असेल तर उत्तमच. आणि तक्रार देताना ही गोष्ट लपवू नका, आपणहून सांगा, ‘मी शुद्धीत असले तरी बोलण्याच्या स्थितीत नव्हते, सोबत आलेल्या अमुक व्यक्तीनं तशी माहिती दिली.’ तुम्हाला उचलणारा तो पानटपरीवाला आहे ना, त्याला आत्ताच भेटा. माणसं विसरतात, टपऱ्या उठतात. आसपासच्या दुकानांच्या कॅमेऱ्यातलं चित्रण सहा आठवड्यांत पुसलं गेलं असेल, तरी एकदा विचारा.

माझा कल आता तुमच्या लक्षात आला असेल. नोंद करा. तक्रार लेखी द्या, त्याच्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का आणि पोच घ्या. घेत नसतील तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टानं पाठवता येते, कायद्यात तशी तरतूद आहे. हे पुतण्याला अद्दल घडवायला करायचं नाही. तुम्ही पुढे कितीही पैसे सोडा, कितीही मन मोठं करा, पण अपघात घडला, अमुक गाडीनं घडला, हे सरकारी कागदावर नसेल तर उद्या चुलते म्हणू शकतात, कसला अपघात? केसपेपर बघा, बाई घसरून पडली.

तक्रारीचा आणखी एक परिणाम होतो, आणि विनाविमा गाडीच्या बाबतीत तो फार मोलाचा आहे. पोलीस गाडी ताब्यात घेतात. सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं राज्यांना सांगितलं, आणि २०२२ च्या केंद्रीय नियमांतही ते आलं, की अपघातातल्या गाडीला विमा नसेल तर मालकानं भरपाईपुरतं पुरेसं तारण दिल्याशिवाय कोर्टानं ती सोडू नये. तारण दिलं नाही तर तीन महिन्यांनी गाडीचा लिलाव होऊन पैसे दावा न्यायाधिकरणात, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या कोर्टात, जमा व्हायचे. जुन्या मोटरसायकलचे कितीसे येणार, म्हणाल. बरोबर आहे. ट्रॅक्टर किंवा टेम्पो असता तर याच नियमानं मालक दुसऱ्या दिवशी दारात आला असता. तुमच्या बाबतीत त्याचा उपयोग एवढाच की चुलते बोलणी करायला स्वतः येतील, भावाला पुढे करणार नाहीत.

पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणाला पाठवायचा, असे २०२२ पासूनचे नियम आहेत, आणि तो अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. कागदावर हे छान आहे. तुम्ही मात्र त्यावर विसंबून राहू नका, स्वतःचा दावा लावा. अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातलेली आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलंय आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टानं, निकाल लागेपर्यंत निव्वळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नका, असं सांगितलं. तरी तुमच्या जागी मी असते तर कॅलेंडरवर सहा महिन्यांची तारीख लाल पेनानं लिहून ठेवली असती. दावा तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही लावता येतो, आणि वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे अनेकींना माहीत नसतं, आणि नवऱ्याचा पगार विचारून परत पाठवणारे क्लार्कही मी पाहिलेत. विचारलं तर सांगा, कायद्यात ‘स्त्री’ एवढंच लिहिलंय.

आता कोर्टाची दुसरी बाजू. विमा कंपनी असली की निकालानंतर पैसे यायची बऱ्यापैकी खात्री असते. इथे निकाल एका माणसाविरुद्ध लागेल, आणि माणूस टाळाटाळ करू शकतो. दिले नाहीत तर न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला देऊ शकतं, आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. जप्ती येऊ शकते. पण या सगळ्याला वर्षं जातात. म्हणून दावा लावायच्या आधी, घरी बसल्या बसल्या, चुलत्याच्या नावावर काय आहे ते बघून घ्या. सातबारा ऑनलाइन दिसतो. दुकानाचा गाळा कुणाच्या नावे आहे, ग्रामपंचायतीत विचारता येतं. ज्याच्याकडे खरोखर काहीच नाही त्याच्याविरुद्धचा हुकूमनामा फ्रेम करून भिंतीवर लावण्यापलीकडे कामाचा नसतो. अशा माणसाशी गाठ पडलेले वाचकही मला लिहितात, आणि त्यांना मी कधीकधी ‘मिटवा’ असंही सांगते.

तुमच्या बाबतीत मधली वाट आहे आणि मला ती सगळ्यात बरी वाटते. लोकअदालत. दावा लावण्याआधीही विधी सेवा समितीमार्फत दोन्हीकडच्यांना बोलावून भरपाईची तडजोड करता येते. तिथे जो निवाडा होतो त्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते, त्यावर अपील नाही. पाचशेच्या स्टॅम्प पेपरमध्ये आणि यात हा फरक. तिथे हप्ते बांधून देता येतात. उसाची बिलं ज्या महिन्यांत येतात त्या महिन्यांना हप्ते लावा, मुलाच्या वडिलांचा मान राहील. पण निवाड्यात नाव चुलत्याचंही हवं, आणि पुढच्या ऑपरेशनचा खर्च वेगळा लिहिलेला हवा. ‘तक्रार मागे घेण्याच्या बदल्यात पैसे’ अशी भाषा कुठल्याही कागदावर येऊ देऊ नका. गुन्हा दाबण्यासाठी केलेला करार कायद्यात टिकत नाही, आणि वाचणाऱ्याला तुम्हीच खंडणी मागितल्यासारखं वाटतं.

तक्रार न देता थेट लोकअदालतीत जाता येईल का, असं तुमच्या मनात येईल, भरतीच्या पोरासाठी. येईल. दावासुद्धा एफआयआरशिवाय चालू शकतो, फक्त पुराव्याचं ओझं वाढतं, आणि तुमच्या केसपेपरमुळे तुमच्यावर ते आधीच जास्त आहे. तुम्हाला त्या पोरासाठी एवढी जोखीम घ्यायचीच असेल तर एक अट घाला. निवाडा चुलत्याच्या सहीनं होईपर्यंत तक्रारीचा हक्क तुम्ही राखून ठेवताय, हे त्यांना तोंडावर सांगा, आणि फार दिवस देऊ नका. मी पंधरा दिवस दिले असते. त्यातही पानटपरीवाल्याचा जबाब वकिलाकडून लिहून घेतला असता. तुमच्या नवऱ्याला हे पटणार नाही, आणि त्यांचंही चूक नाही.

रविवारी काय बोलायचं ते लिहून देते, कारण चार माणसं सोफ्यावर बसली की आपलं बोलणं निसटतं. ‘दादा, पोराचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. पण माझा पाय अजून बरा नाही, त्यामुळे बरा झाला असं मी लिहून देणार नाही. तुम्ही दिलेले २० हजार माझ्याकडे लिहिलेले आहेत, ते हिशेबातून वजा होतील. गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन विधी सेवा समितीत या, तिथे बसून ठरवू.’ एवढंच. ‘बघू’, ‘विचार करू’ हे शब्द टाळा, त्यांचा अर्थ ते लोक आपल्या सोयीनं लावतात. त्यांनी ‘वहिनी, माणुसकी म्हणून तरी’ असं म्हटलं तर गहाणाची पावती काढून टेबलावर ठेवा. बोलायची गरज पडणार नाही. आणि सासूबाईंना आधीच विश्वासात घ्या. त्यांना केस नको असली तरी सुनेचं सोनं सुटायला हवंच असेल.

उत्पन्नाचा पुरावा कसा द्यायचा, ही तुमची शेवटची ओळ. पगारपत्रक नाही म्हणून घाबरू नका. डब्याचे पैसे फोनवर येतात, त्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटमध्ये आहेत. किराणा दुकानाची वही, गॅस सिलिंडरच्या पावत्या, चार-पाच गिऱ्हाईकांचं लेखी म्हणणं, एवढ्यावर कोर्टं उत्पन्न धरतात. आणि समजा तुम्ही डबे करत नसता, फक्त घर चालवत असता, तरी त्या कामाला पैशात किंमत आहे, हे सुप्रीम कोर्टानं अनेकदा, अगदी २०२१ मध्येही, बजावून सांगितलंय. लेकीच्या पोळ्यांबद्दल, मदतीला ठेवलेल्या बाईच्या पगाराबद्दल रोज दोन ओळी वहीत लिहा. पायाला कायमचा अधूपणा राहिला तर सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला घ्या, पण दाखल्यावरचे टक्के म्हणजेच कमाईतली घट, असं नसतं. १५ टक्के अधू पाय घेऊन टेबलावर बसून काम करणाऱ्याचं फारसं अडत नाही. दिवसाचे पाच तास ओट्यापाशी उभं राहणाऱ्या बाईचं अडतं. हा फरक वकिलाला ठासून सांगा.

इतर वाचकांसाठी थोडं, कारण ताईंची वेळ यातल्या काहींसाठी निघून गेलीय. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस उपचार योजना आहे. अपघातापासून सात दिवस, दीड लाखांपर्यंत, योजनेतल्या रुग्णालयात, आणि धडकेतल्या गाडीला विमा असो वा नसो. त्यासाठी पोलिसांकडे अपघाताची नोंद लागते, म्हणजे पुन्हा तेच, ‘घसरून पडले’ लिहिलं की हात आखडले. ११२ ला फोन करा. धडक देऊन गाडी पळून गेली आणि नंबरच मिळाला नाही, तर गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख अशी वेगळी योजना आहे, अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे. आणि स्वतःच्या गाडीची पॉलिसी आजच उघडून बघा. नुसती थर्ड पार्टी असेल तर तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचा रुपया मिळत नाही. १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा मालक-चालकाला मिळतो, तोही मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला. स्कूटर नवऱ्याच्या नावावर आणि चालवते बायको, अशा घरात तो बायकोला लागू नाही. ताईंच्या घरी तेच आहे.

ताई, सोमवारी तपासणीला जाल तेव्हा रॉड काढायच्या ऑपरेशनचं एस्टिमेट लेटरहेडवर मागा. डॉक्टर ओपीडीच्या गर्दीत ‘पुढच्या वेळी देतो’ म्हणतात. आत जायच्या आधीच रिसेप्शनवरच्या मुलीला सांगून ठेवा, आणि कागद हातात पडेपर्यंत बाकावरून उठू नका. पाय वर करून बसायला डॉक्टरांनीच सांगितलंय.